मेनफ्रेम इम्युलेटरमध्ये सिगपीने पाठवलेला इमर्जन्सी सिग्नल हरवतो. दोष कोठे शोधावा?

ऐरोलीकर (प्रश्न)

नमस्कार. ऐरोली आणि महापे येथील वेगवेगळ्या कंपन्यांत मेनफ्रेमवर काम करणारे आम्ही काही जण सुट्टीच्या दिवशी एका ओपन सोर्स मेनफ्रेम इम्युलेटरची (साध्या संगणकावर आयबीएमच्या मेनफ्रेमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामची) डागडुजी करतो. हा हर्क्युलिस, म्हणजे या प्रकारचा प्रसिद्ध इम्युलेटर, नव्हे. त्याहून पुष्कळच लहान, सी भाषेत लिहिलेला आणि फक्त झेड-आर्किटेक्चर (आयबीएम मेनफ्रेमची ६४ बिटांची रचना) जाणणारा हा प्रकल्प आहे. दोष कोठे आहे हे ठरण्यापूर्वीच त्याच्या नावाचा बोभाटा होऊ नये, म्हणून नाव देत नाही. रचना नेहमीचीच आहे. पाहुण्या, म्हणजे इम्युलेटरच्या आत चालणाऱ्या, ऑपरेटिंग सिस्टिमला दिसणाऱ्या प्रत्येक प्रोसेसरसाठी एक थ्रेड (प्रोग्राममधील स्वतंत्रपणे चालणारा प्रवाह), घड्याळ व टायमर सांभाळणारा आणखी एक थ्रेड, आणि प्रत्येक प्रोसेसरच्या नोंदीत ३२ बिटांचा एक वर्ड, ज्यात कोणकोणते इंटरप्ट (प्रोसेसरला चालू काम बाजूला ठेवायला लावणारे संकेत) प्रलंबित आहेत ते एकेका बिटाने दाखवलेले असते.

एकच प्रोसेसर दिला तर एस-३९० लिनक्स, म्हणजे मेनफ्रेमसाठीचे लिनक्स, निर्वेधपणे चालते. दोन दिले की इंटेलच्या डेस्कटॉपवर क्वचित, आणि एआरएमच्या छोट्या बोर्डवर हमखास, सगळे गोठते. गोठल्यानंतर पाहिले तर ० क्रमांकाचा प्रोसेसर दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहत कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) एकाच जागी फिरत असतो. १ क्रमांकाचा प्रोसेसर वेट स्टेटमध्ये, म्हणजे इंटरप्टची वाट पाहत थांबलेला, असतो. त्याच्या पीएसडब्ल्यूमधील (प्रोसेसरची चालू स्थिती सांगणाऱ्या नोंदीतील) एक्स्टर्नल मास्क, म्हणजे बाहेरून येणारे इंटरप्ट घेऊ देणारा बिट, उघडा असतो आणि कंट्रोल रजिस्टर ० मधील इमर्जन्सी सिग्नलचा बिटही लावलेला असतो, म्हणजे सिग्नल घ्यायला त्याच्याकडून कोणतीच आडकाठी नसते. ट्रेसमध्ये (घडलेल्या सूचनांच्या नोंदीत) मात्र ० ने सिगपी, म्हणजे एका प्रोसेसरने दुसऱ्याला आदेश देण्याची सूचना, दिल्याची, ऑर्डर ३ (इमर्जन्सी सिग्नल) असल्याची आणि कंडिशन कोड (सूचनेचा निकाल सांगणारा अंक) ० परत आल्याची स्पष्ट नोंद असते. पाठवणाऱ्याला पोच मिळाली आणि घेणाऱ्याला पत्ताच नाही, असा हा प्रकार आहे.

गोंधळ वाढवणारी गोष्ट पुढेच आहे. काही वेळा १ च्या नोंदीत इमर्जन्सीचा बिट लागलेला दिसतो आणि तरीही त्याचा थ्रेड झोपलेला असतो. काही वेळा तो बिटच नसतो. आमच्यापैकी एकाने पॅच केला, ज्यात झोपलेला थ्रेड बेमुदत न थांबता दर १० मिलिसेकंदांनी उठून प्रलंबित वर्ड तपासतो. त्यामुळे इंटेलवर गोठणे थांबल्यासारखे वाटते, एआरएमवर कमी झाले पण गेले नाही. दुसऱ्याचे म्हणणे असे की एआरएमचे मेमरी ऑर्डरिंग (मेमरीतील वाचणे-लिहिणे इतर कोरांना दिसण्याचा क्रम) सैल असल्यामुळे दोन-चार ठिकाणी बॅरियर (तो क्रम पक्का करणाऱ्या सूचना) टाकले की भागेल. तसेही करून पाहिले. फरक पडला नाही.

कंडिशन कोड ० देताना इम्युलेटरने नेमकी कशाची हमी दिलेली असते, हे मला समजून घ्यायचे आहे. शिवाय इमर्जन्सी सिग्नल कोणी पाठवला हे आम्ही एकाच फील्डमध्ये ठेवतो. ते पुरेसे आहे का? आणि तो १० मिलिसेकंदांचा पॅच मुख्य शाखेत घ्यावा का?

जुना ऑपरेटर, ठाणे (उत्तर)

आपण लक्षणे नीट वेगळी करून लिहिली आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. आधी हमीचे पाहू, कारण बाकीचे सगळे तिच्यावर उभे आहे.

सिगपी ही विशेषाधिकाराची, म्हणजे फक्त ऑपरेटिंग सिस्टिमला चालवता येणारी, सूचना आहे. पत्त्याच्या जागी जी संख्या तयार होते तिचे शेवटचे ८ बिट म्हणजे ऑर्डर कोड, आणि आर-३ रजिस्टरमध्ये ज्याला सांगायचे त्या प्रोसेसरचा पत्ता. उत्तरे चारच आहेत. कंडिशन कोड ० म्हणजे ऑर्डर स्वीकारली; १ म्हणजे काही कारणाने स्थिती आर-१ मध्ये लिहिली आहे, ती वाचा; २ म्हणजे मार्ग किंवा समोरचा प्रोसेसर व्यग्र आहे, पुन्हा प्रयत्न करा; ३ म्हणजे तो प्रोसेसर उपलब्धच नाही. आता इमर्जन्सी सिग्नल आणि एक्स्टर्नल कॉल या दोन्ही ऑर्डरच्या बाबतीत आयबीएमच्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ ऑपरेशन’ या संदर्भग्रंथाचा नियम असा आहे की समोरच्या प्रोसेसरवर इंटरप्टची अट सिगपी सूचना चालू असतानाच प्रलंबित झाली पाहिजे, इंटरप्ट प्रत्यक्ष घडणे मात्र त्या प्रोसेसरने मास्क उघडेपर्यंत लांबू शकते. म्हणजे ० परत गेला त्या क्षणी नोंद झालेली असलीच पाहिजे, आणि तो इंटरप्ट घेतला जाईपर्यंत किंवा रीसेट होईपर्यंत ती नोंद कोणीही पुसता कामा नये. आपल्याकडे ज्या वेळी बिटच नसतो, त्या वेळी ही हमी मोडलेली आहे. ज्या वेळी बिट असतो आणि थ्रेड झोपलेला असतो, त्या वेळी नोंद शाबूत आहे, फक्त उठवणे हुकले आहे. हे दोन वेगळे दोष आहेत आणि एकाच लक्षणाखाली दडले आहेत. पॅचने इंटेलवर बरे वाटले आणि एआरएमवर अर्धेच बरे वाटले, याचे कारणही तेच: दर १० मिलिसेकंदांनी उठणारा थ्रेड हुकलेले उठवणे भरून काढतो, पण पुसलेला बिट त्याला उठल्यावरही सापडणार नाही.

एक फील्ड पुरेसे आहे का, याचे उत्तर स्पष्ट नाही असे आहे. एक्स्टर्नल कॉल एका प्रोसेसरवर एका वेळी एकच प्रलंबित राहू शकतो. तो घेतला जाण्याआधी दुसरा आला तर कंडिशन कोड १ आणि स्थितीत हेक्स (१६ च्या पायातील) ८० चा बिट, म्हणजे ‘एक्स्टर्नल कॉल प्रलंबित आहे’, असे सांगून परत पाठवायचे असते. इमर्जन्सी सिग्नलचे तसे नाही. तो प्रत्येक पाठवणाऱ्यामागे एक याप्रमाणे प्रलंबित राहतो, आणि पाठवणाऱ्यांत तो प्रोसेसर स्वतःही धरला जातो. तीन प्रोसेसरांनी एकाला इमर्जन्सी सिग्नल पाठवला, तर त्याला १२०१ या कोडचे तीन इंटरप्ट मिळाले पाहिजेत आणि मेमरीत हेक्स ८४ या ठिकाणी प्रत्येक वेळी वेगळा पत्ता दिसला पाहिजे. आपल्या एकाच फील्डमध्ये शेवटचा पाठवणारा आधीच्यांना खोडून टाकेल.

हर्क्युलिसमध्ये, म्हणजे रॉजर बोलर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात, यासाठी प्रत्येक प्रोसेसरच्या नोंदीत पाठवणाऱ्यांचा ॲरे (यादी) ठेवलेला आहे. इंटरप्ट देताना त्यातील पहिला सापडलेला पत्ता घेऊन त्याची खूण काढतात, मग उरलेला ॲरे पाहतात, आणि आणखी कोणी शिल्लक असेल तरच सामाईक बिट लावलेला ठेवतात. ‘आणखी कोणी शिल्लक आहे का’ हे पाहायला विसरणे ही या ठिकाणची ठरलेली चूक असते, तेव्हा ॲरे केल्यावर तेही तपासावे.

सानपाडा_सी (उत्तर)

वरील विवेचनाशी मी पूर्ण सहमत आहे. मी फक्त कोडच्या बाजूने लिहिते.

बिट कसा पुसला जात असेल याचा माझा अंदाज आपल्या वर्णनातच आहे. टायमरचा थ्रेड त्याच ३२ बिटांच्या वर्डमध्ये क्लॉक कम्पॅरेटर आणि सीपीयू टायमर (दोन्ही ठरलेल्या वेळी इंटरप्ट देणारे) यांचे बिट लावतो, हो ना? तो ते करताना लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला बदल करू देणारे कुलूप) घेतो का ते पाहा. घेत नसेल तर घटना अशा घडतात: टायमरचा थ्रेड वर्ड वाचतो, त्यात इमर्जन्सीचा बिट अजून नसतो. तेवढ्यात ० चा थ्रेड रीतसर लॉक घेऊन तोच वर्ड वाचतो, इमर्जन्सीचा बिट लावतो, लिहितो, लॉक सोडतो आणि पाहुण्याला कंडिशन कोड ० देऊन मोकळा होतो. मग टायमरचा थ्रेड आपल्याजवळच्या जुन्या प्रतीत क्लॉक कम्पॅरेटरचा बिट लावून ती परत लिहितो. इमर्जन्सीचा बिट गेला, आणि ट्रेसमध्ये काहीही वावगे दिसत नाही. एकाने लॉक घेतला आणि दुसऱ्याने घेतला नाही, तर लॉक कोणीच घेतला नसल्यासारखे असते.

एआरएमवर हे अधिक का दिसते याबद्दल आपल्या मंडळींचे निदान चुकीच्या जागी बोट ठेवते. मेमरी ऑर्डरिंगचा येथे संबंध नाही. सीमधील ‘किंवा करून लिही’ हे एक विधान एआरएमवर साधारणपणे तीन सूचनांत उतरते: वाचा, बिट लावा, लिहा. इंटेलवर कम्पायलर बहुधा मेमरीवर थेट चालणारी एकच सूचना काढतो, पण लॉकचा प्रिफिक्स (सूचना अखंड करणारी इंटेलची खूण) नसेल तर तीसुद्धा इतर कोरांच्या दृष्टीने अखंड नसते. फक्त फट अरुंद असते. म्हणून दोष दोन्हीकडे आहे, एकीकडे तो लवकर सापडतो इतकेच. बॅरियर टाकल्याने तीन पायऱ्यांचा क्रम पक्का होतो, त्या तीन पायऱ्यांची एक पायरी होत नाही. त्यासाठी सी-११ मधील ॲटॉमिक (तिन्ही पायऱ्या अखंडपणे करणारे) फेच-ऑर वापरा, किंवा त्या वर्डला हात लावणाऱ्या प्रत्येकाला तोच लॉक घ्यायला लावा. माझे मत दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने आहे, कारण बिट आणि पाठवणाऱ्यांचा ॲरे हे दोन्ही एकाच वेळी बदलले पाहिजेत. नुसता बिट ॲटॉमिक केला तर बिट लागलेला आणि ॲरे अजून रिकामा अशी क्षणभराची अवस्था राहते, आणि नेमक्या त्याच वेळी घेणाऱ्याने इंटरप्ट घ्यायला सुरुवात केली तर ॲरेमध्ये पत्ता शोधणारा लूप शेवटाच्या पलीकडे जाईल.

उठवणे हुकण्याचे कारणही जवळपासच सापडेल. वेट स्टेटमध्ये जाणारा थ्रेड आधी प्रलंबित वर्ड पाहतो, काही नाही असे ठरवतो आणि मग लॉक घेऊन कंडिशन व्हेरिएबलवर (कोणी जागे करेपर्यंत थांबण्याच्या सोयीवर) झोपतो, असे असेल तर पाहणे आणि झोपणे यांच्या मधल्या काळात आलेला सिग्नल कोणालाच उठवत नाही. पाहणे लॉकच्या आत आले पाहिजे, झोप लूपच्या आत आली पाहिजे, आणि पाठवणाऱ्याने बिट लावणे व जागे करणे ही दोन्ही कामे तोच लॉक हातात असताना केली पाहिजेत.

कळवा_स्लो_लोकल (उत्तर)

तत्त्व म्हणून वरचे सगळे मान्य आहे. पण सुट्टीच्या दिवशी काम करणाऱ्या चार-पाच जणांनी लॉकची सगळी व्यवस्था उलटीपालटी करणे हेही धोक्याचे आहे. १० मिलिसेकंदांचा पॅच तात्पुरता म्हणून घ्यावा, इंटेलवाल्यांची सोय होईल, आणि मूळ दुरुस्ती सावकाश करावी असे मला वाटते. दुसरे म्हणजे, प्रत्येक सिगपीला लॉकसाठी थांबायचे ठरवले तर दोन प्रोसेसर एकाच वेळी एकमेकांना सिग्नल करताना अडकून बसणार नाहीत का? ० ने स्वतःचा लॉक धरून १ चा मागायचा आणि १ ने नेमके उलटे करायचे.

जुना ऑपरेटर, ठाणे (उत्तर)

दुसरी शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर आर्किटेक्चरनेच देऊन ठेवले आहे. कंडिशन कोड २ हा त्यासाठीच आहे. हर्क्युलिसमध्ये सिगपीसाठी वेगळा लॉक आहे; सूचना चालवताना तो नुसता घेऊन पाहतात, आणि दुसऱ्या कोणाकडे असेल तर थांबून न राहता पाहुण्याला सरळ २ देतात. लिनक्स किंवा आयबीएमची मेनफ्रेम ऑपरेटिंग सिस्टिम एमव्हीएस यांना व्यग्रतेचे उत्तर नवे नाही. ती पुन्हा प्रयत्न करतात. अडकण्याचा प्रश्न त्यामुळे मिटतो, मात्र सिगपी चालवताना स्वतःच्या प्रोसेसरचा लॉक आधीपासून धरून ठेवू नये. प्रोसेसर स्वतःलाही इमर्जन्सी सिग्नल पाठवू शकतो हे वर लिहिलेच आहे. त्या वेळी एकच लॉक दोनदा मागितला गेला तर इम्युलेटर स्वतःच्याच पायात पाय अडकवून पडेल.

पहिल्या सूचनेला मात्र माझा विरोध आहे. पाहुण्या लिनक्समध्ये काय होते ते पाहा. प्रत्येक प्रोसेसरसाठी तेथे कामांचा एक मास्क (कामागणिक एका बिटाची नोंद) असतो. दुसऱ्या प्रोसेसरला काम सांगताना कर्नल आधी त्या मास्कमधील बिट लावतो, आणि तो आधीच लागलेला असेल तर ‘सिग्नल वाटेत आहेच’ असे समजून सिगपी देतच नाही. म्हणून एकदा एक सिग्नल हरवला की त्या प्रकारचा पुढचा एकही सिग्नल त्या प्रोसेसरकडे निघत नाही. आपले गोठणे आपोआप सुटत नाही ते यामुळे. नुसते उठवणे हुकले असेल, तर बहुतेक वेळा क्लॉक कम्पॅरेटरच त्या प्रोसेसरला थोड्या वेळाने उठवतो आणि त्यासोबत थकलेला इमर्जन्सीही वसूल होतो. बाहेरून फक्त मंदपणा दिसतो. पॅच घेतला की दुसरा दोष असाच मंदपणात विरघळून जाईल आणि पुढे कोणी तो शोधायलाही जाणार नाही.

आपल्या ट्रेसमध्ये ऑर्डर ३ च सगळीकडे दिसते का, हेही एकदा पाहावे. लिनक्स आधी हेक्स १५, म्हणजे ‘सेन्स रनिंग स्टेटस’, ही ऑर्डर देऊन समोरचा प्रोसेसर चालू आहे का हे विचारते. चालू असेल तर एक्स्टर्नल कॉल, नसेल तर इमर्जन्सी सिग्नल. ही विचारणा करताना कंडिशन कोड १ आला की ती ‘चालू नाही’ असाच अर्थ घेते. तुमचा इम्युलेटर १५ ही ऑर्डर ओळखत नसेल, तर तो ‘अवैध ऑर्डर’ म्हणून १ देत असणार आणि लिनक्स कायम इमर्जन्सीच पाठवत असणार. तसे असेल तर तुमचा एक्स्टर्नल कॉलचा कोड आजवर एकदाही चाललेला नाही.

ऐरोलीकर (प्रत्युत्तर)

सर्वांचे आभार. शनिवारी महाप्याला बसून दोन्ही गोष्टी तपासल्या.

टायमरचा थ्रेड लॉक न घेताच बिट लावत होता, हे सानपाडा ताईंचे निदान अचूक निघाले. तो एकटाच नव्हता. कन्सोलवरून इंटरप्ट की दाबल्याची नोंद करणारा कोडही तसाच होता. आता त्या वर्डला हात लावणारे सगळे एका फंक्शनमधून जातात आणि ते फंक्शन लॉक हातात नसेल तर तेथल्या तेथे थांबते. वेट स्टेटमधील तपासणीही लॉकच्या आत आणली. १० मिलिसेकंदांचा पॅच काढून टाकला असून एआरएमच्या बोर्डवर चार प्रोसेसर देऊन कर्नल कम्पाइल केला, तो पूर्ण झाला. ऑर्डर १५ बद्दलही तसेच आढळले: आम्ही ती ओळखतच नव्हतो.

पाठवणाऱ्यांचा ॲरे केला, पण तो बरोबर चालतो हे दाखवायचे कसे, हे कळत नाही. लिनक्स आधीच्या एकाच फील्डवरही या बाबतीत तक्रार करत नव्हते. शिवाय पाहुणे लिनक्स रीबूट केल्यावर कधीकधी सुरुवातीलाच एक अनाहूत १२०१ इंटरप्ट येतो. तो कोठून येतो?

सानपाडा_सी (उत्तर)

लिनक्स तक्रार करणार नाही, कारण इंटरप्ट आल्यावर ते पाठवणाऱ्याचा पत्ता विचारात घेत नाही. आपल्याच मास्कमधील सगळी कामे एकदम उचलते. तीन सिग्नलांचा एक झाला तरी त्याचे काही अडत नाही. त्यामुळे येथे ऑपरेटिंग सिस्टिमवर विसंबून चालणार नाही, असेंब्लरमध्ये छोटी चाचणी लिहावी लागेल.

मी अशी मांडेन. चार प्रोसेसर. सगळे झेड-आर्किटेक्चरमध्ये आणल्यावर ० ने बाकी तिघांना ऑर्डर ६, म्हणजे रीस्टार्ट, द्यावी. तिघांचाही प्रिफिक्स (प्रत्येक प्रोसेसरच्या खास मेमरी ठोकळ्याचा पत्ता) शून्य असल्यामुळे तिघेही हेक्स १ए० येथील एकच पीएसडब्ल्यू उचलतील, म्हणून त्यांनी आधी स्टॅप सूचनेने आपला पत्ता जाणून घ्यावा. त्यांचे एक्स्टर्नल मास्क बंदच असावेत. तिघांनी ० ला इमर्जन्सी सिग्नल पाठवावा, २ आला तर पुन्हा पाठवावा, आणि ० मिळाल्यावर आपापली खूण मेमरीत लावून थांबावे. हा सगळा वेळ ० चाही मास्क बंद असेल. तिन्ही खुणा दिसल्या की त्याने कंट्रोल रजिस्टर ० मध्ये हेक्स ४००० चा बिट लावून मास्क उघडावा. हेक्स १बी० येथील नव्या पीएसडब्ल्यूने जो हँडलर (इंटरप्ट हाताळणारा कोड) चालेल त्याने ८४ आणि ८६ येथील अर्धे वर्ड एका तक्त्यात उतरवून परत जावे. शेवटी तक्त्यात १२०१ तीन वेळा आणि पत्ते १, २, ३ एकेकदाच असले पाहिजेत. तुमच्या जुन्या कोडवर ही चाचणी हमखास नापास व्हायला हवी. तशी झाली नाही तर चाचणीच चुकीची लिहिली गेली आहे.

याच सांगाड्यावर एक्स्टर्नल कॉलही तपासता येईल: मास्क बंद असताना पहिल्याला ० आणि दुसऱ्याला १ व हेक्स ८०. मग हेक्स ६००० लावून दोन्ही बिट उघडले तर इमर्जन्सी आधी आणि एक्स्टर्नल कॉल, म्हणजे १२०२, नंतर आला पाहिजे. इंटरप्टचा अग्रक्रम तसाच ठरलेला आहे.

जुना ऑपरेटर, ठाणे (उत्तर)

अनाहूत इंटरप्टबद्दल. सीपीयू रीसेट झाला की प्रलंबित इमर्जन्सी सिग्नल आणि एक्स्टर्नल कॉल पुसले गेले पाहिजेत. ऑर्डर ०सी (सीपीयू रीसेट) आणि ०बी (इनिशियल सीपीयू रीसेट), दोहोंनाही हे लागू आहे. आपण ॲरे नव्याने आणला आहे, तेव्हा रीसेटचा कोड अजूनही फक्त जुना बिट काढत असण्याची शक्यता मोठी आहे. ॲरेत खूण उरली आणि नंतर दुसऱ्याच कोणी इमर्जन्सी पाठवला, की त्याच्यासोबत आधीच्या बूटमधील भूतही बाहेर येते.

त्या फायलीत हात घातलाच आहे तर ऑर्डर ०डी, म्हणजे सेट प्रिफिक्स, हीसुद्धा पाहून घ्यावी. समोरचा प्रोसेसर थांबलेला नसेल तर कंडिशन कोड १ आणि स्थितीत हेक्स २००. दिलेल्या पत्त्यावर मेमरी नसेल तर हेक्स १००. आणि प्रिफिक्स बदलला की त्या प्रोसेसरचा टीएलबी (पत्त्यांच्या रूपांतराचा साठा) रिकामा केला पाहिजे. झेड-आर्किटेक्चरमध्ये प्रिफिक्सचा ठोकळा ८ केबीचा असतो. ईएसए-३९० च्या (आधीच्या ३१ बिटांच्या रचनेच्या) काळातील कोड उचलून आणलेला असेल तर तेथे ४ केबीचा हिशेब शिल्लक राहिलेला सापडू शकतो.